नदीपलीकडचा कायदा

डेल्बर्ट साइझमोरला डावा हात नव्हता. एकेचाळिसाव्या वर्षी गवताचे भारे बांधायच्या यंत्रात तो कोपराच्या वरपर्यंत गेला. त्यानंतर बावीस वर्षं डेल्बर्ट केंटकीतल्या आपल्या गावी गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानात राबला. पोती फोडायला, दोर कापायला त्याच्या खिशात एकच चाकू असे, बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर येणारा. साध्या घडीच्या चाकूशी एका हातानं झटापट करताना त्यानं दोनदा बोट कापून घेतलं, तेव्हा बायको ओनीडानं तो जुन्या बाजारातून शोधून आणला होता. गावात त्याला कुणी हटकलं नव्हतं.

ऑक्टोबरात ओनीडाच्या हृदयानं दगा दिला. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि अँब्युलन्स तिला पुलावरून पलीकडच्या राज्यातल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. मागोमाग डेल्बर्ट आपल्या पिकअपमधून पोचला. दाराशी तपासणीची कमान होती. किल्ल्या, चिल्लर, चाकू, सगळं त्यानं आपणहून ट्रेमध्ये काढून ठेवलं.

पहारेकऱ्यानं चाकू उचलून बटण दाबलं.

"काका, हे काय घेऊन फिरताय?"

"जाताना परत द्या म्हणजे झालं. बायको वर आहे, तिसऱ्या मजल्यावर."

"असला चाकू या राज्यात खिशात लपवून बाळगणं गुन्हा आहे."

"लपवून कुठं? मीच तर तुमच्या हातात दिला."

दोन पोलीस आले. बेडी घालायची वेळ आली तेव्हा दोघंही त्याच्या रिकाम्या बाहीकडे बघत राहिले. शेवटी उजवं मनगट त्यांनी त्याच्याच कमरेच्या पट्ट्याला जखडलं. तो दिवस शुक्रवारचा होता आणि कोर्ट उघडणार सोमवारी.

कोठडीतून त्यानं इस्पितळाला फोन लावला. पेशंटचा गुप्त क्रमांक सांगा, म्हणाले. तो क्रमांक दाखल करताना नवऱ्याला मिळायचा होता, आणि नवरा दारातच अडकला होता.

"अहो, नवराच बोलतोय मी."

"सगळे असंच सांगतात, साहेब."

शनिवारी दोनदा, रविवारी चारदा त्यानं फोन केला. ती आहे की गेली एवढंच सांगा म्हणाला. कुणी सांगितलं नाही. आपण मेलो तर चालेल, पण तिला वाटायला नको की तिला तिथं टाकून आपण घरी निघून गेलो, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं.

सोमवारी कोर्टानं त्याला वकील दिली. टेरेसा विलोबी तिचं नाव, तिशीची असेल. तिनं आधी कोर्टातर्फे इस्पितळात फोन करून ओनीडा जिवंत असल्याचं कळवलं, मग कागद उघडले. डेल्बर्टनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"काका, गंमत बघा. केंद्राच्या कायद्यात एका हाताच्या माणसाला असा चाकू बाळगायची सूट आहे. पातं तीन इंचांपर्यंत असलं तर. तुमचं तेवढंच आहे."

"मग सुटलो की मी."

"नाही. तुमच्यावर खटला या राज्याच्या कायद्याखाली आहे, आणि त्यात ती सूट कुणी लिहिलेलीच नाही."

"म्हणजे दिलं एकानं आणि काढून घेतलं दुसऱ्यानं. आणि पुलावर त्याची एक पाटीसुद्धा नाही."

आज सुटका होईल, टेरेसा म्हणाली, पण खटला संपेपर्यंत इस्पितळात पाऊल टाकायला बंदी. लढायचं तर दोन महिने. गुन्हा कबूल केला तर बुधवारी निकाल आणि बंदी खलास.

"डॉक्टर काय म्हणतात? दोन महिने आहेत तिच्याकडे?"

टेरेसानं मान हलवली. नाहीत.

मंगळवारी तो इस्पितळासमोर, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर उभा राहिला. टेरेसा वर गेली आणि तिनं आपला फोन ओनीडाच्या कानाला लावला.

"चाळीस वर्षांत कधी तुरुंगाचं तोंड पाहिलं नाहीस," ओनीडा धापा टाकत म्हणाली, "आणि नेमका आत्ताच मुहूर्त सापडला होय रे तुला?"

"नीडा, मी खालीच आहे गं. कुठली खिडकी तुझी?"

"ते मला काय ठाऊक? मी पडलेली. हात कर, ही पोरगी बघून सांगेल."

त्यानं फोन खांदा आणि गाल यांच्यामध्ये धरून हात हलवला. टेरेसाला तो गाड्यांच्या गर्दीत दिसला नाही, पण तिनं ओनीडाला दिसला म्हणून सांगितलं.

बुधवारी जजनं विचारलं, "हा चाकू इथं बेकायदा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

टेरेसानं बजावलं होतं, हो म्हणा, नाहीतर कबुली मान्य होणार नाही. डेल्बर्टनं कोर्टासमोर शपथ घेतली होती, आणि चर्चमध्ये ज्या बाकावर तो तीस वर्षं बसत आला होता, तो बाक त्याच्या डोळ्यांपुढे आला.

"होय साहेब," तो म्हणाला, "माहीत होतं."

तो इस्पितळात वर पोचला तोवर ओनीडाच्या घशात श्वासाची नळी घातलेली होती. बोला, त्यांना ऐकू येतं, नर्स म्हणाली. तो खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसला.

"नीडा, आज मी शपथेवर खोटं बोललो," तो हळूच म्हणाला. "तुझ्याकडं यायचं होतं म्हणून."

ओनीडानं डोळे उघडले नाहीत. शुक्रवारी दुपारी ती गेली. तोवर पाणी प्यायला सोडलं तर तो त्या खुर्चीवरून उठला नव्हता.