बाकांवरच्या खाचा

छावणीतल्या इंग्रजांच्या चर्चमध्ये मी तेवीस वर्षं झाडलोट केली. जवळच्या पडेगावहून पायी जायचे. मी त्या धर्माची नाही. पगार मिळत होता म्हणून गेले आणि तिथंच राहिले. जाडजूड दगडी भिंती, वर सागवानी छत, वरच्या टोकाला निमुळत्या झालेल्या उंच खिडक्या, भिंतींत मेलेल्या साहेबांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या. भर उन्हाळ्यातही आत गार. पलटणीसाठी बांधलं, एवढंच मला ठाऊक. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला जास्त कोण सांगणार?

बाकही त्याच काळातले. प्रत्येक बाकाच्या पाठीला, मागं बसणाऱ्याच्या समोर येईल अशी एक फळी. त्या फळीत अंगठा बसेल एवढ्या गोल खाचा. त्या छत्र्यांसाठी, असं मीच ठरवलं होतं. साहेब म्हटला की छत्री आलीच. बघायला येणाऱ्यांना मी तसंच ठासून सांगायचे. माझा झाडूही मी तिथंच टेकवायचे.

गेल्या वर्षी नव्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांनी, बाक दुरुस्तीला काढले. सुतारानं विचारलं, "मावशी, ह्या खाचा कशाच्या?"

"छत्र्यांच्या. आता कोण छत्री आणतंय? पदर अडकतो नुसता."

"मग बुजवू का?"

"बुजव की."

पाळकसाहेबांनीही मान हलवली. सुतारानं सागाचे तुकडे बसवले, घासले, पॉलिश मारलं. खाच होती हे हाताला कळेना. शेवटचा एकच बाक राहिला होता, तेव्हा इतिहासाचे एक निवृत्त मास्तर चर्च बघायला आले. ते त्या बाकापाशी थांबले.

"बाई, बाकीच्या बाकांना अशा खाचा नव्हत्या?"

"होत्या. छत्र्यांच्या. बुजवल्या."

मास्तर म्हणाले, "छत्र्या? अहो, बंदुका ठेवायच्या इथं. अठराशे सत्तावन्न साली बंड झालं, ते रविवारी, गोरे प्रार्थनेला निघायच्या वेळी. तेव्हापासून गोऱ्या शिपायानं देवापुढंसुद्धा भरली बंदूक घेऊन बसायचं, असा हुकूम होता."

"कुणाच्या भीतीनं?"

"आपल्या. तुमच्या-माझ्या खापरपणज्याच्या."

तेवीस वर्षं त्या खाचांतली धूळ मी बोटाला फडकं गुंडाळून काढली होती. गुडघ्यावर बसलेला माणूस, ओठांवर देवाचं नाव, हाताशी बंदूक. आणि ते माझ्या एका शब्दावर बुजवून टाकलं होतं.

मी तडक पाळकसाहेबांकडे गेले. चूक माझी, म्हणून सांगितलं. सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, "आता तुकडे काढले तर कडा फुटतील, मावशी."

पाळकसाहेब म्हणाले, "बरंच झालं की. देवाच्या घरात बंदुकीची खूण कशाला? तो शेवटचाही बुजवून टाका."

हे ऐकून मला पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसला. मी जाऊन त्या बाकाच्या खाचांवर हात ठेवून बसले.

सुतार म्हणाला, "उठा ना मावशी, फेविकॉल वाळतोय."

"वाळू दे. नाय उठत. आधी ठाऊक नव्हतं म्हणून बुजवलं. आता ठाऊक असून बुजवलं तर ती लबाडी हाय."

"साहेब काय म्हणतील?"

"मला म्हणतील. तुला काय? जा, चहा पिऊन ये."

पाळकसाहेब दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. रागावले, पण मला उठ म्हणाले नाहीत. कमिटीला विचारू, म्हणाले. कमिटीनं अजून काही ठरवलेलं नाही. बाक तसाच आहे.

परवा नाताळच्या आधी पुण्याची एक बाई आली. त्याच बाकाच्या मागं बसून तिनं खाचेत बोट घातलं आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं. तिनं बोट झटकन मागं घेतलं आणि उठून पुढं, खाचा बुजवलेल्या फळीसमोर जाऊन बसली.