आत्यांनी दसरा काढला आणि माझी पीएचडी वाळत घातली

शनिवारी कॉलेजातून बेंबळीला घरी आले, परसात गेले आणि बघते तर... भिंतीवर गोधड्या वाळत होत्या आणि त्यांच्या शेजारी दोरीवर, चिमटे लावून, माझी पीएचडी!

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दसरा काढला होता. घट बसायच्या आत घरातली चिंधीसुद्धा धुतली गेली पाहिजे, हा त्यांचा दंडक. त्यात मोरीच्या पाइपाला जोडलेल्या माझ्या दोन डब्यांचाही नंबर लागला...

आता हे डबे म्हणजे काय, ते सांगते. आत कार्बनचं जाड कापड असतं, तेच दोरीवर लटकत होतं, आणि त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर. एका डब्यातले जंतू सांडपाण्यातली घाण खाऊन किंचित वीज तयार करतात, दुसऱ्यातले त्या विजेच्या जोरावर पाण्यातलं नायट्रेट संपवतात. नाहीतर तेच नायट्रेट मुरून बोअरच्या पाण्यात उतरतं. हा थर जमायला आठवडेच्या आठवडे जातात... आणि सोमवारी कॉलेजची कमिटी चालू प्रयोग बघायला घरी येणार होती. त्यावरच माझी मुदतवाढ!

"लई शेवाळं धरलं होतं गं. दोनदा सोडा लावला तवा कुठं निघालं," आत्या कौतुकानं सांगत होत्या. मी कपाळावर हात मारला.

चिडले, रडले, नवऱ्यावर डाफरले. तो म्हणाला, "जंतूच ना, आण की दुसरे." जसे काही किराणा दुकानात पावशेर मिळतात!

सोमवारी सकाळी घट बसले आणि दुपारी कमिटीचे तिघे सर आले. परसात खुर्च्या टाकल्या, समोर दोन लख्ख रिकामे डबे...

"मॅडम, प्रयोगच चालू नाही, तर मुदत कशावर द्यायची?" मोठे सर म्हणाले. मी आपलं "तांत्रिक अडचण आली" असं काहीतरी पुटपुटले.

आत्या चहा घेऊन आल्या होत्या. परक्या माणसांसमोर एरवी चकार शब्द न काढणारी बाई... त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि पदर सावरला.

"अडचण-बिडचण काय न्हाय, साहेब. म्या धुतलं. पोरगी उन्हाळाभर हितं घाणीत हात घालून बसली, म्या बघितलंय. मुदत द्या न्हायतर नका देऊ, पर तिला नाव ठिवू नका."

मोठ्या सरांनी ट्रेमधला कप उचलला. मग म्हणाले, "दिवाळीनंतर परत बघायला येतो, तोवर प्रयोग चालू करा."

ते गेल्या गेल्या मी जंतूंसाठी गटारातला नवा गाळ आणायला बादली उचलली. तर आत्या दारात आडव्या! "घट उठल्याबिगर घाण घरात आणायची न्हाय."

म्हणजे आणखी नऊ दिवस गेले. वैतागानं नुसती धुमसतेय... पण त्या तिघांसमोर माझ्यासाठी उभ्या राहिलेल्या बाईशी भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?