मागच्या भाऊचे चाळीस

“जोडी बराबर जमवली वो बाईनं,” पलीकडच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं आणि दोघी-तिघी हसल्या.

जोडी म्हणजे मी आणि माझ्या मागच्या सीटवरचा माणूस. घाटंजीच्या बाजाराचा दिवस, पांढरकवड्याची बस गच्च भरलेली. अशा दिवशी सुटे पुरत नाहीत, म्हणून कंडक्टर दोन अनोळखी प्रवाशांत मिळून एकच नोट देतात. उतरल्यावर त्यांनी ती पानटपरीवर मोडायची आणि आपापले पैसे घ्यायचे. कंडक्टरबाईंनी शंभराची नोट माझ्या हातात दिली होती.

“तुह्ये साठ, मांगच्या भाऊचे चाळीस. सांगून देजो त्याले.”

मी नुसती मान हलवली.

“लाजते काहून वो? लगन नाही लावून देऊन राह्यली मी तुमचं.”

त्या हसण्यानंतर मागे वळून परक्या माणसाशी बोलणं मला जमलं नाही. शिवाय तो झोपला होता. कपाळ माझ्या सीटच्या पाइपावर टेकलेलं, गुडघ्यांत बाजारातून आणलेला फावड्याचा नवा दांडा. उतरताना देऊ, असं ठरवून मी नोट मुठीत धरली. पुढे एक लेकुरवाळी बाई चढली, तिला जागा दिली आणि मी दाराजवळ जाऊन उभी राहिले.

अर्ध्या वाटेत तो जागा झाला.

“बाई, माह्ये चाळीस राह्यले.”

“देल्ले नं भाऊ. सामोरच्या पोरीपाशी, दोघायचे मिळून.”

समोर आता ती लेकुरवाळी बसलेली. “माह्यापाशी कायले राहीन? मी आत्ताच त बसली,” ती म्हणाली.

कंडक्टरबाईंनी गाडीभर नजर फिरवली. स्कार्फ बांधलेल्या आम्ही सात-आठ मुली होतो, सगळ्यांचे नुसते डोळे दिसत होते. “कोणापाशी हाय वो नोट? बोला.”

माझ्यापाशी, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. पण सगळी गाडी वळून बघत होती, आणि मघाशी हसलेल्या बायकाही. मी खिडकीबाहेर बघू लागले.

“असंच करते काय साऱ्या गाडीले?” तो उठला आणि त्यानं कंडक्टरबाईंच्या पैशांच्या बॅगेचा पट्टा ओढला. त्या ओढल्या गेल्या, कानशील पाइपावर आपटलं. आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. त्यांनी हातातलं तिकिटाचं मशीन त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. त्यानं त्यांना थोबाडीत मारली, आणि मग सगळी गाडी उठली.

“बाईवर हात उचलते?”

“चाळीस रुपयासाठी झूट बोलते साला.”

बस थांबली. त्याला माझ्या अंगावरूनच दाराकडे ओढत नेलं, माझ्या बाहीला त्याचं रक्त लागलं. त्यानं दाराची दांडी धरून ठेवली, तर कोणीतरी त्याच्या बोटांवर बूट ठेवून दाबला. बोटं सुटली. खाली पडल्यावर चौघं-पाचजण लाथा घालू लागले. मघाशी आपल्या पिशवीतली बोरं शेजाऱ्याला देणारा एक म्हातारा बसमधून तो फावड्याचा दांडा घेऊन उतरला आणि त्याच्याच दांड्यानं त्याला पाठीत मारू लागला. एक, दोन, मग मोजणं सोडलं. “माह्ये पैसे नाही देल्ले,” तो म्हणत होता. दर वेळी तेवढंच. म्हटलं की आणखी मार बसत होता.

कंडक्टरबाई दारात कानशील धरून उभ्या होत्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. तोही नव्हता. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि नोट घामानं ओली होऊन तळव्याला चिकटली होती.

ड्रायव्हर टॉमी घेऊन उतरला. चाकाचे नट खोलायचा तो लोखंडी दांडका त्यानं वर उचलला तेव्हा खाली पडलेल्या माणसानं दोन्ही हात डोक्यावर घेतले. एका हाताची बोटं नीट मिटत नव्हती.

मी खाली उतरले. स्कार्फ हनुवटीखाली ओढला आणि मूठ उघडली.

“मारू नका त्यांना. त्यांचे पैसे माझ्यापाशी आहेत. मी दिलेच नाहीत.”