पाठीतलं पाणी

गेल्या दिवाळीनंतर मावशींच्या पाठीतलं पाणी काढलं गेलं नाही. त्याआधी दरवर्षी त्या मांडव्याहून लाँचने मुंबईच्या रुग्णालयात जात. कुशीवर पडून गुडघे पोटाशी घेत, हनुवटी छातीला लावत आणि डॉक्टरला सांगत, "कोलंबी झाली मी. टोच आता."

मावशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी विकत. त्यांच्याशी कधी घासाघीस केली असेल, तर त्यांचा आवाज तुमच्या लक्षात असेलच.

त्यांच्या आईला म्हातारपणी विसर पडत गेला. शेवटी ती पोटच्या पोरांनाही ओळखेना. मोठ्या बहिणीचं तेच झालं. विसर सुरू होण्याआधी मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यात काय बदलतं, हे डॉक्टर अशा घरांतल्या माणसांमध्ये तपासत होते. त्यासाठी त्याच माणसाचा नमुना वर्षानुवर्षं हवा असे.

मध्येच आवई उठली, की पाणी काढलं की कंबर जाते. मावशींसोबत नमुना द्यायला जाणारा त्यांचा चुलतभाऊ यायचा थांबला. मावशी भरली पाटी डोक्यावर घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"बघ, गेली काय माझी कंबर? पाणीच हाय रे, परत भरतं."

"तुझं बरं हाय. तुला बसून खायचंय."

"व्हय? मग घे ही पाटी."

पुढच्या खेपेला तो लाँचवर होता.

नमुना दिल्यावर ओझं उचलायची मनाई असे. मग विक्रीला लेक बसे आणि मावशी घरातून, पडल्या पडल्या, भाव ओरडत. "पापलेट फुकट वाटतेस काय गं?"

रिपोर्टमध्ये काय निघालं, असं मी एकदा विचारलं.

"मी न्हाय इचारत. माझ्यासाठी न्हाय देत मी. हिच्यासाठी," त्या लेकीकडे मान उडवून म्हणाल्या.

दिवाळीनंतर लेकीने त्यांना नेलं, तेव्हा मी सोबत होतो. माणसाने स्वतः समजून हो म्हटल्याशिवाय डॉक्टर सुई लावत नसत.

"मावशी, आज कशासाठी आलात?"

मावशींनी खिडकीबाहेर बघितलं. मग लेकीला म्हणाल्या, "बाय, तुझी आयस कुठं हाय? तिला उशीर व्हईल."

डॉक्टरांनी हातमोजे काढले.

लेकीने आईच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. मग विचारलं, "माझं पाणी चालंल काय?"

होळीनंतर तिचा पहिला नमुना घेतला गेला.