मऊ स्फटिक

मावशी रोज सकाळी प्रयोगशाळेत गेली की थंड कपाटाच्या दाराला तळहात लावून उभी राहायची आणि दार न उघडताच परत फिरायची. आत तिचे थेंब असत. त्यांना धक्का लागून चालत नाही. आणि मावशीला तर चहाला उकळी येईपर्यंतही एका जागी उभं राहवत नसे. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. "हिने असलं काम निवडलंच कसं!" म्हणून आई कपाळाला हात लावायची.

काम असं होतं. चावऱ्या माशीच्या सोंडेतून रक्तात शिरणारा एक परजीवी. त्याच्या अंगभर प्रथिनांचा दाट अंगरखा. शरीरानं तो ओळखला, की हा पठ्ठ्या दुसरा चढवतो. पण त्या अंगरख्यात दडलेल्या एका प्रथिनानं तो रक्तातून अन्न ओढून घेतो, आणि ते त्याला सहजी बदलता येत नाही. मावशीला त्याचा आकार हवा होता. त्यासाठी आधी प्रथिनाच्या द्रावणाच्या थेंबात त्याचा स्फटिक धरावा लागतो. तो क्ष-किरणांत धरला की आकार उलगडतो.

वर्षानुवर्षं थेंब नुसते गढूळ होत राहिले. शेवटी वरून निरोप आला, या खेपेला स्फटिक मिळाला नाही तर काम बंद. त्याच हिवाळ्यात एका थेंबात काहीतरी चमकलं. एकुलतं एक.

"मिठाचा असेल," क्ष-किरण यंत्रावरचा लंबू म्हणाला. "मागेही मिठाच्या खड्यासाठी यंत्र अडवून बसली होतीस, भिंगरे."

"हा वेगळा आहे. कडा बघ ना."

"पुढच्या आठवड्यात यंत्रावर तुझी पाळी आहे, तेव्हा कळेल. तोवर हात खिशात ठेव."

थेंबात मीठही घातलेलं असतं, त्याचेही खडे धरतात. मीठ की प्रथिन, हे ओळखायची एक जुनी रीत आहे. सुईनं टोचायचं. मिठाचा खडा कट्कन तडकतो, प्रथिनाचा मऊ, त्याचा भुगा होतो. म्हणजे खरा असेल, तर कळायच्या क्षणीच हातचा गेला. मावशी जेवताना उठायची, बसायची, पुन्हा उठायची. पाळी यायच्या आतच तिनं सुई उचलली.

त्या दिवशी ती चपला न काढताच स्वयंपाकघरात आली. "मऊ होता," म्हणाली. "खरा होता ग."

"मग रडतेस कशाला?" आईनं विचारलं.

लंबूनं तिला बोल लावला नाही. कुठूनशी मांजराची गळून पडलेली मिशी आणून दिली. ती भुग्यातून फिरवून ताज्या थेंबांतून ओढली, की त्या कणांभोवती नवे स्फटिक धरू शकतात. उरलंसुरलं सगळं प्रथिन मावशीनं त्यात घातलं. मग मात्र पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया, जी ती हिवाळाभर पुढे ढकलत होती, तिला टाळता येईना.

इस्पितळात ती पलंगावर कमी आणि खिडकीशी जास्त. तिला आत न्यायला माणसं आली, तेवढ्यात माझ्या फोनवर लंबूनं फोटो पाठवला. थेंबभर स्फटिक, बारीक, स्वच्छ कडांचे. मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं तो लांब नेला, जवळ आणला. तिला काही दिसेना.

त्या प्रथिनाचा आकार पुढे लंबूनं पुरा केला. मावशी शस्त्रक्रियेतून उठली नाही. पलंग दाराबाहेर ढकलत होते, तेव्हा ती मान वळवून मला म्हणाली, "चष्मा घरीच राहिला बघ. आण जाऊन. आणि चालत नको जाऊस, रिक्षा कर!"