खदानीच्या तारेवरचा आकडा

"तू चढ रे. आकडा कुठे टाकतात ते तुमच्या लोकांना बरोबर माहीत असतं."

साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. जीपजवळचे दोघे-तिघे हसले. मीही हसलो. हे आधीच लिहून टाकतो. मीही हसलो.

माझ्या लहानपणी आमच्या बौद्ध मोहल्ल्यात मीटर नव्हतं. चालू तारेवर वायर अडकवायची, तोच आकडा, त्याच्याच उजेडात शिकलो. हे मीच कधीतरी साहेबाला सांगितलं होतं, आपला माणूस समजून. त्याने ते जपून ठेवलं.

मी लाइनमन. जिवतीच्या डोंगरावर कोलाम आदिवासींचा एक गुडा आहे, दहा-बारा घरांची वस्ती. त्याच्या मधून गिट्टीच्या खदानीला लाइन गेली. घरांना दिली नाही. एका म्हातारीने त्या तारेवर आकडा टाकला होता. एका बल्बसाठी. मी चढलो. आकडा उतरवला.

साहेब म्हणाला, "वायर तिच्या गळ्यात घाल. फोटो पाहिजे."

मी घातली. या हातांनी.

म्हातारीने मान खाली घातली नाही. माझ्याकडेच बघत म्हणाली, "सून बाळंत हाय, भाऊ. परवा बाजेखाली साप निघाला. अर्ज घेऊन आलती ना मी तुह्याकडं?"

आली होती. डोंगर उतरून, पायी. जंगलातले अर्ज घ्यायचे नाहीत, असा साहेबाचा तोंडी हुकूम होता. "जमीन जंगलखात्याची हाय, बाई," म्हणून मी तिला पोच न देता परत पाठवलं होतं. अर्ज वाचलाही नव्हता.

"जमीन जंगलाची, तं खदानीचे खांब कोनाच्या जमिनीत गाडले?"

"फार बोलते ही," साहेब म्हणाला. "तू सही कर."

पंचनामा आधीच टाइप केलेला. मीटर मिळण्याची सोय असूनही चोरी केली, असं त्यात होतं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. त्या एका ओळीवर म्हातारी कोर्टात उभी राहणार होती.

मी तिच्या गळ्यातली वायर काढली.

"ह्याच्यावर मी सही करून नाई राह्यलो, साहेब."

"काऊन?" का ते विचारतानाही त्याने आमची बोली वेडावली. जीपजवळचे पुन्हा हसले. मी नाही हसलो.

त्या ओळीखाली पेनने लिहिलं: सोय नव्हती. या बाईचा अर्ज मी स्वतः परत केला. मग सही केली. साहेबाने कागद ओढायच्या आत मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

आता माझी चौकशी चालू आहे. माफीनामा दे, मिटवून टाकू, असा निरोप आलाय. देणार नाही. म्हातारीने मला माफ केलेलं नाही. परवा गेलो तर बसही म्हणाली नाही. बरोबर केलं तिनं. गुड्यात अजून अंधारच आहे.

केस उभी राहिली तर साक्षीदार मीच. उजेड कोणी चोरला ते तिथं सांगणार आहे. पहिलं नाव माझं घेईन. दुसरं साहेबाचं.