पट्टा त्याने स्वतः शिवला होता

कुत्रीला मांडीवर घेऊन बसणारा माणूस बायकोचं मनगट मोडू शकत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

आमच्या गल्लीत सगळ्यांना तेच वाटायचं. हा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा. कोपऱ्यावर दुकान, मागे खोली, खोलीत बायको आणि दुकानाच्या पायरीवर बटण. बटण म्हणजे त्याची कुत्री. अंगाने पांढरी, कपाळावर एकच काळा ठिपका. तिचा पट्टा त्याने स्वतः शिवलेला, उरलेल्या चामड्याचा, दुहेरी टाक्याचा, आतून मऊ अस्तर लावलेला. तिची नखं कापायचा, कान पुसायचा. लोक बघून पाघळायचे.

"मुक्या जनावराला एवढा जीव लावणारा बायकोवर हात उचलेल होय?" इस्त्रीवाली मलाच सुनवायची. "तूच काहीतरी भरवतेस तिच्या डोक्यात."

एका गिऱ्हाइकाचं डोकं फोडलं म्हणून कोर्टाने त्याला मनोविकाराच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. तिथे आजाराचं नाव कळलं: समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार. मी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना गाठून सरळ विचारलं, अशी माणसं जनावरावर प्रेम करू शकतात का हो?

"एकेकाचं वेगळं," त्या म्हणाल्या. "काहींना खरंच जीव लागतो. पण जनावर मनाविरुद्ध वागलं की काय होतं, ते बघा."

आजाराशी माझं भांडण नाही. तो असूनही कुणाला बोट न लावणाऱ्यांशी तर नाहीच नाही. भांडण आहे ते याच्याशी, आणि याला सर्टिफिकेट वाटत फिरणाऱ्या गल्लीशी.

मनगट मोडलं तेव्हा त्याची बायको अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. मी तिला महिलांच्या निवारागृहात जागा मिळवून दिली. तिथे कुत्री चालत नाही. लगेच तिचा एकच धोशा सुरू: "ताई, मी परत जाते. बटण उपाशी असेल."

"अगं, तो हाताने भरवतो तिला. सगळी गल्ली बघते."

"गल्ली बघते तेव्हा भरवतो. मी अबोला धरला की तिला उपाशी ठेवतो. मी बोलेपर्यंत."

मी कुत्री आणायला निघाले, तेवढ्यात माझ्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. हा बटणला घेऊन त्यांच्याकडेच बसला होता. धावत पोचले.

"धडधाकट आहे ही," डॉक्टर त्याला सांगत होते.

"सुई द्या म्हटलं ना. कायमची."

"अहो, पण का?"

"दाराकडे तोंड करून बसते. माझ्या हातचं खात नाही. मी एवढं केलं हिचं, आणि हिला ती पाहिजे!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नाटक नव्हतं ते, मी नीट बघितलं. पण ते सगळं स्वतःसाठी होतं.

"सुई मिळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नको असेल तर इथे सोडून जा."

"घे," तो माझ्याकडे वळला. "तुझ्यासारख्या रिकामटेकडीलाच शोभते." मग वाकला, बक्कल सोडलं आणि पट्टा खिशात कोंबला. "हा माझा आहे. चामडं फुकट येत नाही." बटणने त्याचा हात चाटला. त्याने तो पँटला पुसला आणि चालता झाला.

इस्त्रीवालीला सांगितलं, तर म्हणते, "रागात बोलला असेल बिचारा."

आता बटण माझ्या खोलीत आहे आणि घरमालकाने रविवारपर्यंत तिला हलवायला सांगितलंय. त्याच्याशी भांडून झालं, आवाज माझाच मोठा होता, उपयोग शून्य. हे कळल्यावर कव्हरवाल्याची बायको म्हणाली, "मग मी हिला घेऊन परत जाते, ताई. तो आम्हा दोघींना घेईल."

घेईल ना. पट्टा त्याने टाकून थोडाच दिलाय!

तर इथवर वाचून हळहळलात ना? ती हळहळ ठेवा तुमच्याकडेच. एक बाई आणि एक कुत्री राहतील अशी खोली तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत असेल, तर रविवारच्या आत मला कळवा. बाई शिवणकाम करते, हात बरा झाला की भाडं देईल. कुत्री भुंकते, आधीच सांगते. तरी द्या.